मे महिन्यात दुसऱ्याची बाग बघायला जाताना

प्रश्न: पुण्यात माझ्या सासूबाईंच्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांच्या बंगल्याभोवतीची बाग भर उन्हाळ्यातही गच्च हिरवी असते असं ऐकलंय, आणि मे महिन्याच्या मध्याला त्यांनी आम्हाला बघायला बोलावलंय. इकडे आमची तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी दोन वेळा पाणी घालूनही एप्रिलपासून करपायला लागते. उन्हाळ्यात बाग बघण्यात काही अर्थ आहे का, की पाऊस सुरू झाल्यावर जावं? गेलो तर काय बघावं, काय विचारावं? रोपं मागितली तर चालेल का?

उत्तर: जरूर जा, आणि मेमध्येच जा.

पावसाळ्यात आणि दिवाळीनंतरच्या थंडीत बहुतेक बागा छान दिसतात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तेही चुकवू नये असंच असतं. पण तिथे मांडलेल्या कुंडीवरून ती वाढवणाऱ्याचा हात कळतो, जागा कळत नाही. मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असतो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते, पाणी मोजकं येतं. त्या दिवसांत जी बाग तग धरते तिची सगळी रचना डोळ्यांसमोर उघडी असते. फुलं कमी असल्यामुळे नजरही त्यांच्यात अडकत नाही. अशा बागा बघून आणि लावून देऊन माझं एक मत पक्कं झालंय: उन्हाळ्यातला हिरवेपणा नळाच्या पाइपातून येत नाही. तो वरच्या सावलीतून आणि खालच्या पाचोळ्यातून येतो, आणि पाणी त्या दोघांच्या मागून. म्हणून बघायला गेलात की आधी वर बघा, मग खाली बघा, आणि झाडांची नावं सगळ्यात शेवटी विचारा.

वर काय बघायचं? सावली कोण देतंय ते. उन्हाळ्यात आपल्याला ज्या झाडांचं कौतुक वाटतं ती बहुतेक सावलीच्या कामाची नसतात. बहावा पिवळाधमक झुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पानं फारशी नसतात, आणि पळस, पांगाराही निष्पर्णच फुलतात. मेमधली खरी छत्री धरतात ती आंबा, बकुळ, जांभूळ, चिकू आणि करंज. करंजाचं मला विशेष कौतुक आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तो पानं टाकतो आणि एप्रिलमध्ये, नेमकी गरज असते तेव्हा, नव्या लकलकीत पानांनी भरून येतो. जाणत्या माणसाची बाग असेल तर पश्चिमेच्या बाजूला असं एखादं झाड असतं, नाहीतर मांडवावर चढवलेली मधुमालती तरी असते. त्या झाडाच्या सावलीत जास्वंद, तगर, कुंती, केळ अशी मधली फळी असते, आणि तिच्या पोटात अळू, फर्न, मॉन्स्टेरा, अडुळसा, पुदिना. एकाची सावली दुसऱ्यावर पडते, एकाच्या पानातून उडालेली वाफ दुसऱ्याला मिळते. मोकळ्या अंगणातून या दाटीत दोन पावलं टाकली की गारवा अंगाला जाणवतो. तो नुसत्या सावलीचा नसतो, पानं सोडत असलेल्या वाफेचाही असतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती फारशी कुणी सांगत नाही आणि तिच्यापायी दर मे महिन्यात घरोघरी फर्न जळतात.

पुण्यात 13-14 मेच्या सुमारास शून्य सावली दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि खांबाची सावली खांबाच्या पायातच पडते. कोल्हापूरला हा दिवस आठवडाभर आधी येतो, नाशिकला साधारण आठवडाभराने, नागपूरला 26 मेच्या आसपास. त्यानंतर जुलै अखेरपर्यंत पुण्याचा दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच तो पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उत्तरेच्या ज्या भिंतीला थंडीभर ऊन शिवत नाही, तिला मेमध्ये सकाळ-संध्याकाळ सपाटून ऊन लागतं. आणि दक्षिणेची भिंत, जिला आपण वर्षभर उन्हाची बाजू म्हणतो, ती वीतभर छज्जा असला तरी सावलीत जाते. लोक डिसेंबरात उत्तरेला फर्न, अँथुरियम, बिगोनिया मांडतात. सुंदर वाढतात. एप्रिल उजाडला की कडा तपकिरी पडायला लागतात. मग पाणी वाढवतात, मग मुळं कुजतात, आणि शेवटी झाड नाजूक होतं असं म्हणतात. त्या झाडाला फक्त घराच्या दुसऱ्या अंगाला हलवायचं होतं.

पर्वतीच्या बाजूची एक बाग मी बरीच वर्षं बघतोय. तिच्या मालकीणबाई होळी झाली की फर्नच्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीकडून दक्षिणेच्या छज्ज्याखाली नेतात आणि दसऱ्याला परत आणतात. उत्तरेच्या रिकाम्या जागेवर उन्हाळ्यापुरती सदाफुली आणि अडेनियम येऊन बसतात. बाग म्हणजे झाडं एका जागी रुजवून टाकणं अशी समजूत असलेल्या पाहुण्यांना ही कुंड्यांची ने-आण विचित्र वाटते, पण त्या बागेत मेमध्येही फर्नचं एक पान करपलेलं सापडत नाही. तुम्ही जाल तेव्हा होकायंत्र लागलं तर मोबाइलमध्ये असतंच. प्रत्येक नाजूक झाड घराच्या कुठल्या दिशेला ठेवलंय ते बघून ठेवा. झाडांच्या नावांच्या यादीपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.

आता खाली. यजमानीणबाईंची परवानगी घेऊन एखाद्या मोठ्या झाडाच्या आळ्यातला पाचोळा काडीने बाजूला करा. हात घालू नका, उन्हाळ्यात गारव्याला विंचू आणि गोम तिथेच येऊन बसतात. सगळ्यात वर कुरकुरीत, कोरडी पानं असतील, आंब्याची, बकुळीची, ओळखू येणारी. त्याखाली मऊ पडलेली, शिरा तेवढ्या उरलेली, एकमेकांना चिकटलेली पानं, आणि त्यांच्यामधून कापसाच्या धाग्यासारखे बुरशीचे पांढरे तंतू. ती बुरशी रोग नाही, पानांची माती करणारी कामकरी आहे. त्याच्याही खाली काळसर, रवाळ, पहिल्या पावसाच्या वासाची माती. चिमूटभर घेऊन दाबा. गोळा होतो पण बोटांना चिखल लागत नाही, हलकं ढकललं की गोळा फुटतो. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच. मे महिन्याच्या दुपारी, आदल्या दिवशी पाणी न घालता, जमिनीत वाफसा टिकलेला दिसला तर ती बाग कशी हिरवी राहते याचं उत्तर तुमच्या चिमटीत आहे. तिथून चार पावलांवर उघड्या जमिनीला तळहात लावून बघा. चटका बसेल.

पाचोळ्याचा थर तीन-चार इंच तरी हवा, आणि खोडापासून दोन-तीन इंच लांब, नाहीतर बुंधा कुजतो. पुण्यात आजही सोसायट्यांमधून वाळकी पानं पोत्यात भरून बाहेर टाकतात, कुठे कुठे जाळतातही. हे बघून मला खरोखर वाईट वाटतं. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी आपल्या 'प्रयोग परिवार' या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून हयातभर हेच सांगितलं की झाडाचा कचरा झाडाच्याच पायाशी परत गेला पाहिजे, घरच्या पाचोळ्यातून जिवंत माती करता येते. गच्चीवर शेती करणाऱ्या कितीतरी मराठी घरांनी ते करून दाखवलंय. तुम्ही त्या बाईंकडे जाताना मिठाईचा पुडा न्याल, तो न्याच. पण सोबत सोसायटीतल्या वाळक्या पानांचं एक पोतं नेलंत तर त्यांना जास्त आनंद होईल, हे मी अशा माणसांच्या ओळखीवरून सांगतो.

त्या बागेत हिरवळ आहे का तेही बघा. बहुधा नसेल, किंवा अंथरुणाएवढी असेल. कारण साधं आहे. पुण्यात मेमध्ये उघड्या हिरवळीतून दिवसाला 5 ते 6 मिलिमीटर पाणी उडून जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे 100 चौरस मीटरच्या लॉनला रोज 500 ते 600 लिटर पाणी फक्त जिवंत राहायला लागतं. तेवढ्या पाण्यात झाडा-झुडपांची अख्खी बाग पोसता येते. झाडांचा खरा नाद असलेली माणसं पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांतच लॉन काढून टाकतात.

पाण्याबद्दल विचारायचं तर "किती पाणी घालता?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्या मातीपुरतं खरं असतं, तुमच्या कुंडीला लागू पडत नाही. "किती दिवस पाणी घातलं नाही तरी चालतं?" असं विचारा. पाचोळा घातलेल्या जमिनीतल्या जुन्या झाडांना आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी पुरतं, आणि ते खोलवर मुरल्यामुळे मुळंही खाली जातात. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच राहतात, आणि मेमध्ये वरचा थरच आधी तापतो. बऱ्याच बागांत तुम्हाला झाडाजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं दिसेल, तोंडावर झाकण ठेवलेलं. न भाजलेलं नव्हे, भाजलेलंच, पण रंग किंवा चकाकी न दिलेलं. त्यात भरलेलं पाणी भिंतीतून झिरपत झिरपत मुळांना मिळतं. ठिबकइतकंच हे काम चोख होतं, आणि आठ दिवस गावाला जायचं असेल तर मला मडकं जास्त भरवशाचं वाटतं. ठिबकची तोटी चोंदली तर परत येईपर्यंत कुणाला कळत नाही.

दुपारी बाग बघायला मिळाली तर अळू, कोलियस, हायड्रेंजिया यांची पानं माना टाकून लोंबताना दिसतील. घाबरून जाऊ नका आणि यजमानांनाही "पाणी घाला" म्हणून सांगू नका. तापल्या दुपारी पानातून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, म्हणून मोठी, पातळ पानं मिटतात. ऊन उतरलं की आपोआप ताठ होतात. झाडाला खरंच तहान लागलीय का हे पहाटे बघायचं. सकाळी सहालाही पान लोंबत असेल आणि बोटभर खोल माती कोरडी असेल, तरच पाणी कमी पडतंय. माती ओली आणि पान लोंबतंय, तर मुळं गुदमरली आहेत, पाणी थांबवायचं. तुमच्या गॅलरीत दोन वेळा पाणी घालूनही झाडं करपतात असं तुम्ही लिहिलंय, त्यातल्या काहींचं दुखणं हेच असावं असा माझा अंदाज आहे.

फुलांचंही सांगतो. मेमध्ये मोगरा, अनंत, सोनचाफा, हिरवा चाफा हे वासाचे मानकरी. जमिनीतून थेट तांबडा चेंडू उगवल्यासारखं मे-फ्लावर दिसेल. थंडीभर तो कंद मातीत झोपलेला असतो. मोगरा भरगच्च दिसला तर जानेवारीत काय केलं होतं ते विचारा. मोगऱ्याचा बहर तिथे ठरतो. थंडीच्या अखेरीस पाणी तोडून ताण देतात, जुनी पानं काढतात, छाटणी करतात, मग शेणखत घालून पाणी सुरू करतात. कळ्या नव्या फुटव्यालाच येतात, म्हणून प्रत्येक बहर ओसरला की शेंडे खुडायचे. हे जानेवारीत चुकलं तर मेमध्ये कितीही खत ओतलं तरी नुसती पानं वाढतात.

आंब्याच्या खोडावर काथ्याने बांधलेली एखादी आमरी, म्हणजे ऑर्किड, असेल तर नीट बघा. मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके असलेला लांब लोंबता घोस. सह्याद्रीत ती जुन्या झाडांवर वाढते, मातीत नाही. तिची जाड मुळं सालीवर पसरलेली असतात. पाणी मिळालं की ती हिरवट दिसतात, सुकली की रुपेरी पांढरी. रोज सकाळी मुळांचा रंग बघून पाणी फवारायचं, इतकी साधी तिची खूण आहे. तिचं रोप मागू नका. जंगलातून ओरबाडून आणलेल्या आमऱ्या रस्त्यावर विकायला येतात, त्याही घेऊ नका. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप मिळतं, थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

झाडांना हात लावायचा मोह आवरा. उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी या किडी जोरात असतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर बोटांनी, कपड्यांनी सहज जातात. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की वर शेंड्यात पिठ्या ढेकूण आहे असं समजावं. तुम्ही घरून येताना तो आणू नये आणि तिथून नेऊही नये. घरी आल्यावर हात-पाय धुऊनच आपल्या कुंड्यांकडे जा.

एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा: "या जागेवर आधी काय लावलं होतं आणि ते का गेलं?" झाडांत जीव असलेली माणसं जगलेल्या झाडाबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि गेलेल्या झाडाबद्दल अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्या जागेचा वारा, मुरूम किती खोलीवर लागतो, बोअरचं पाणी किती जड आहे, शेजारच्या इमारतीच्या काचांवरून येणारं ऊन, सगळं कळतं. वही न्या. फोटोत यातलं काही येत नाही.

वेळ सकाळी सातची मिळेल, ती घ्या, मोगरा तेव्हाच तोडायला झालेला असतो. ओळख वाढली की कधीतरी दुपारी तीन-चारला पाच मिनिटं डोकावू द्याल का असं विचारा. पश्चिमेची भिंत, पेव्हरब्लॉक, मातीची कुंडी, काळी प्लॅस्टिकची कुंडी यांना त्या वेळी एकापाठोपाठ हात लावून बघा. काळ्या कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूची मुळं का मरतात ते शब्दांत समजावून सांगावं लागणार नाही.

आता तुमची गॅलरी. वर स्लॅब असल्यामुळे दुपारी साधारण एकपर्यंत तुम्हाला सावली असणार, आणि त्यानंतर तिरपं ऊन थेट आत. मेमध्ये ते ऊन पश्चिमेच्या जरा उत्तरेकडून येतं. म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलात की उजव्या हाताने. 50 टक्क्यांची शेडनेट कठड्याच्या बाहेरच्या अंगाला उभी बांधा आणि उजव्या बाजूला पूर्ण झाकेल अशी घ्या. मार्चमध्ये चढवायची, पाऊस स्थिरावला की उतरवायची. वर्षभर ठेवली तर पावसाळ्यात झाडं उजेडासाठी लांबुळकी होतात. कुंड्या एकेकट्या ओळीत मांडू नका, घोळक्यात ठेवा. उन्हाच्या अंगाला बोगनवेल, अडेनियम, कोरफड, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), सदाफुली, आणि त्यांच्या आडोशाला बाकीची. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतं, तो तुमच्याकडे खुशाल पुढे राहील. फर्न आणि अँथुरियम या गॅलरीचे नव्हेत, ते घरात पूर्वेच्या खिडकीशी न्या. फरशीवर थेट कुंडी न ठेवता खाली दोन विटा द्या. नाजूक झाडाची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या पोकळीत नारळाच्या शेंड्या भरा आणि त्या ओल्या ठेवा. प्रत्येक कुंडीत मातीवर दोन इंच पाचोळा घाला. पाणी सकाळी एकदाच, आठच्या आत, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी बोट घालून बघून, कोरडं लागलं तरच. एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलू नका आणि रासायनिक खत देऊ नका. कोरड्या मुळांना क्षार भाजतात. गांडूळखताची मूठ चालेल.

रोपं मागायला हरकत नाही, पण काय मागायचं ते ऋतूवर ठरवा. या भेटीत देवचाफ्याची हातभर फांदी मागा. ती उन्हाळ्यातच लावायची असते. चीक पुसून आठवडाभर सावलीत वाळू द्या, टोक सुकलं की भुसभुशीत, वाळूमिश्रित मातीत खोचा आणि पानं फुटेपर्यंत पाणी अगदी बेताने द्या. ओल्या टोकाची फांदी लावली तर कुजते. जास्वंद, मोगरा, मधुमालती, कुंती यांच्या छाटकलमांना दमट हवा लागते, मेमध्ये दिलेली काडी घरी पोचेपर्यंत सुकते. त्यासाठी मृग लागून पाऊस नीट बसला की, जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, पुन्हा येऊ असं सांगून ठेवा. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळे असलेली काडी, तिरकी कापलेली, खालची पानं काढून अर्धी मातीत. मे-फ्लावरचा कंद हवा असेल तर तो थंडीत, पानं पूर्ण वाळल्यावर मागा. फुलात असताना उपटला तर पुढचं वर्ष तरी फूल धरत नाही.